एकाच थरार कादंबरीवर दोन टोकांची मतं: लेखकाने कुणाचं ऐकायचं?

प्रश्न थोडक्यात: माझी पहिली थरार कादंबरी येऊन आठ महिने झाले. एका निवृत्त न्यायाधीशांचा त्यांच्या अभ्यासिकेत खून होतो. सात जणांवर संशय असतो, तपास एका महिला निरीक्षकाकडे असतो आणि मधूनमधून खुन्याच्या तोंडची निनावी प्रकरणं येतात. शेवटी खुनी निघतो तो वीस वर्षं न्यायाधीशांकडे काम केलेला लघुलेखक, म्हणजे स्टेनोग्राफर. पानं ३१२. सुरुवातीला वाचक खूश होते, पण पुस्तकाला एक पुरस्कार मिळाला आणि तिथून मतं बिघडायला लागली. कुणी म्हणतं ‘एका बैठकीत संपवली’, कुणी ‘खुनी शंभराव्या पानावरच ओळखला’, कुणी ‘खुनी कुठून तरी आणून चिकटवलाय’. ‘पहिली नव्वद पानं रटाळ’, ‘शेवट पटला नाही’, ‘निरीक्षकबाईंच्या घरचं एवढं कशाला?’ अशीही मतं आहेत. आता दुसरी आवृत्ती निघते आहे. कुणाचं ऐकू? खुनी बदलू का?

उत्तर:

खुनी बदलू नका, हे सगळ्यात आधी सांगते. का, ते पुढे येईलच.

मी गेली बावीस वर्षं रहस्यकथा आणि गुन्हेगारी कादंबऱ्यांचं संपादन करते. सगळ्या वाचकांचं एकमत झालं असं एकही पुस्तक एवढ्या वर्षांत माझ्या हातून गेलेलं नाही. त्यामुळे मतं फुटली याचं मला काही वाटलं नाही. मी थबकले ती तुमच्या यादीतल्या दोन मतांपाशी. एक वाचक म्हणतो, खुनी शंभराव्या पानावरच ओळखला. दुसरा म्हणतो, खुनी कुठून तरी आणून चिकटवला आहे. एकाला तो फार लवकर दिसला, दुसऱ्याला शेवटपर्यंत दिसलाच नाही. अशा वेळी लेखक बहुतेक दोन्ही मतांची वजाबाकी करून हिशेब शून्यावर आणतो आणि पुढे जातो. माझा अनुभव असा की वाचकांचे निकाल कितीही वेगळे असले, तरी त्यांची बोटं पुष्कळदा एकाच जागेवर असतात. तुमच्या बाबतीत ती जागा कोणती, हे मला बऱ्यापैकी दिसतं आहे.

पण आधी पुरस्काराचं बोलू, कारण तुमच्या मनाला जास्त लागलं आहे ते तेच. पुरस्कारानंतर मतं खाली जाणं हा तुमच्या एकट्याच्या वाट्याला आलेला प्रकार नाही. कोवाच आणि शार्की या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये नेमकं हेच तपासलं. पुरस्कार मिळालेली इंग्रजी पुस्तकं आणि त्याच पुरस्कारांच्या अंतिम यादीत येऊन मागे राहिलेली पुस्तकं त्यांनी शेजारी ठेवली आणि वाचकांची ३८ हजारांहून अधिक मतं पाहिली. पुरस्कार जाहीर झाल्यावर विजेत्या पुस्तकांचं गुणांकन मागे राहिलेल्या पुस्तकांपेक्षा जास्त घसरलेलं दिसलं. त्यामागे मुख्य कारण नव्या वाचकांचं होतं. पुरस्कारापूर्वी पुस्तक उचलतो तो त्या प्रकारच्या पुस्तकांवर आधीच जीव असलेला माणूस. पुरस्कारानंतर ‘एवढं काय आहे बघू तरी’ म्हणणारेही येतात. त्यांची आवड वेगळी आणि अपेक्षा मात्र वाढलेली. तुमची कादंबरी आठ महिन्यांत एका अक्षरानेही बदललेली नाही, तिच्यासमोर बसलेली माणसं बदलली आहेत. तेव्हा मतं वाचताना प्रत्येकावर तारीख टाका. पुरस्काराआधीच्या वाचकाने केलेली तक्रार दुप्पट वजनाची धरा, कारण तो तुमच्या बाजूचा असूनही अडला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्यापर्यंत पोचलेली मतं ही सगळ्या वाचकांची मतं नव्हेत. २००९ मध्ये हू, पावलू आणि झांग यांनी दाखवून दिलं की लोक आपणहून मत लिहितात तेव्हा ते दोन टोकांना साचतं. खूप आवडलं आणि अजिबात आवडलं नाही, एवढेच ढीग मोठे दिसतात. त्याच वस्तूबद्दल समोर बसवून प्रत्येकाला विचारलं, तर बरीचशी उत्तरं मधोमध येतात. ज्याला पुस्तक ‘बरं’ वाटलं तो ते मिटून कपाटात ठेवतो आणि गप्प बसतो. माझ्या मते रहस्यकादंबरीच्या लेखकाने शोधायचा वाचक हाच. ओळखीतल्या अशा पाच-सहा जणांना फोन करून विचाराच. मात्र ‘कशी वाटली?’ असं विचारू नका, त्यावर माणसं सभ्यपणे खोटं बोलतात. ‘कुठे पुस्तक खाली ठेवलंत?’ असं विचारा. माणूस मत लपवेल, पण कोणत्या प्रसंगानंतर उठून दुसऱ्या कामाला लागलो हे सहज सांगून जाईल.

आता ‘ओळखला’ या शब्दाकडे येते. रहस्यकथेच्या लेखकाला सगळ्यात झोंबणारा शब्द हाच, आणि त्याचा अर्थही एक नाही.

पहिला अर्थ: वाचकाने तुम्ही पेरलेले धागेदोरे उचलले, जोडले आणि तो खुन्यापर्यंत पोचला. ही तक्रार नाहीच. असा वाचक पुस्तकावर खूश असतो, फक्त सांगताना त्याचा सूर फुशारकीचा असतो म्हणून लेखकाला ती टीका वाटते.

दुसरा अर्थ: वाचकाला खरं तर कळलं नव्हतं. त्याचा संशय चौघांवर होता, त्यात खुनीही होता, आणि उलगडा झाल्यावर बाकीचे तिघे तो विसरला. मानसशास्त्रात याला पश्चात्दृष्टीचा दोष म्हणतात. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये केलेला प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी लोकांना १८१४ च्या ब्रिटिश-गुरखा संघर्षाचं वर्णन वाचायला दिलं. त्याचे शक्य शेवट चार. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट ‘खरा’ म्हणून सांगितला आणि विचारलं, हे माहीत नसतं तर कोणता शेवट संभवनीय वाटला असता? प्रत्येक गटाला आपल्याला सांगितलेला शेवटच जास्त संभवनीय वाटला. रहस्यकादंबरीचा वाचक शेवटचं पान उलटल्यावर याच जागी उभा असतो. तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच वाटत असतं की आपल्याला आधीपासून ठाऊक होतं.

म्हणून छापून आल्यावर मिळालेल्या ‘ओळखला’वर मी फार विसंबत नाही. हस्तलिखित असतानाच सहा वाचकांना ते तुकड्या-तुकड्यांनी देते. साठ पानं झाली की थांबायचं आणि कागदावर लिहायचं: आत्ता तुमचा संशय कुणावर, आणि का? मग पुढची साठ. चिठ्ठ्या बंद पाकिटात. शेवटी पाकिटं उघडली की खरं काय ते समोर येतं. ‘मला तर कळलंच होतं’ म्हणणाऱ्याच्या पाकिटात भलतंच नाव निघतं, आणि कधीकधी सहाच्या सहा पाकिटांत दुसऱ्याच टप्प्यावर खुन्याचं नाव असतं. त्या दिवशी लेखकाशी बोलायला मला धीर गोळा करावा लागतो.

तिसरा अर्थ मात्र खरं दुखणं आहे. वाचकाने खुनी धाग्यादोऱ्यांवरून ओळखलेला नसतो, वजाबाकीने ओळखलेला असतो. कादंबरीत एक माणूस आहे, त्याला नाव आहे, चेहरा आहे, पण कथेत काम नाही. मुरलेला वाचक मनात विचारतो, हा इथे कशाला? बाकी प्रत्येकजण काहीतरी करतो आहे. मुलगा कर्जात बुडाला आहे, सून घर सोडायच्या बेतात आहे, शेजाऱ्याचा हद्दीवरून दावा चालू आहे. आणि हा नुसता येऊन जातो. मग हाच.

तुम्ही पाठवलेल्या गोषवाऱ्यात लघुलेखक तीनदा येतो. सत्तेचाळिसाव्या पानावर तो कपाटातल्या जुन्या वह्यांबद्दल निरीक्षकाला दोन वाक्यं सांगतो. एकशे एक पानाच्या आसपास तो शोकसभेत मागच्या रांगेत बसलेला असतो. त्यानंतर एकदम दोनशे अडुसष्टाव्या पानावर. एवढंच. ज्या वाचकाला वजाबाकीची सवय आहे, त्याने शोकसभेतल्या त्या ओळीपाशीच त्याला धरला, कारण मागच्या रांगेतल्या माणसाचा उल्लेख लेखक उगाच करत नाही. ज्याला ती सवय नाही, त्याच्या लेखी लघुलेखक खुर्चीसारखा होता, असून नसल्यासारखा. दोनशे अडुसष्टाव्या पानावर तो उठून उभा राहिला तेव्हा त्या वाचकाला फसवल्यासारखं वाटलं. एकाला तो लवकर दिसला, दुसऱ्याला दिसला नाही. कारण दोघांचंही एकच: खून सोडून त्याला कादंबरीत दुसरं काम नाही.

याबद्दल जुन्या लोकांनी विचार करून ठेवला आहे. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातल्या पहिल्याच नियमाचा पहिला भाग असा की गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागात आलेला असला पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षी, १९२८ मध्ये, एस. एस. व्हॅन डाइन यांनी वीस नियम लिहिले होते. त्यातला दहावा अधिक कडक आहे. तो म्हणतो, गुन्हेगार कथेत बऱ्यापैकी ठळक वावरलेला हवा, वाचकाला त्याची ओळख झालेली हवी आणि त्याच्यात रस वाटलेला हवा. तुमचा लघुलेखक नॉक्सच्या एवढ्या परीक्षेत सुटतो, कारण सत्तेचाळिसाव्या पानावर तो आहे. व्हॅन डाइनच्या परीक्षेत तो नापास होतो. त्या यादीतले कितीतरी नियम पुढच्या लेखकांनी मोडले आणि चांगल्या कादंबऱ्या लिहिल्या. हा दहावा मोडून भागलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

मग करायचं काय? त्याला काम द्यायचं. आणि ते काम तुमच्याच कथेत पडून आहे, म्हणून मी एवढ्या उत्साहाने लिहिते आहे. न्यायाधीशांनी सांगितलेला मजकूर लघुलिपीत, म्हणजे शॉर्टहँडमध्ये, उतरवलेल्या वह्या कपाटात आहेत. निरीक्षकाला त्या वाचता येणार नाहीत. घरात कुणालाच येणार नाहीत. म्हणजे तपास पुढे न्यायचा तर तिला त्या माणसाची गरज आहे! त्याला तिच्यासमोर टेबलाशी बसवा. वही उघडून एकेक ओळ वाचून दाखवू द्या. तो उपयोगी आहे, नम्र आहे, न्यायाधीशांच्या आठवणी सांगतो, आणि त्यातून दुसऱ्या संशयितांविरुद्ध खरी माहितीही मिळते. वाचक त्याला ‘मदत करणारा’ या खणात टाकेल आणि त्याची वजाबाकी थांबेल.

आणि एका ओळीत त्याला खोटं वाचू द्या. लघुलिपी यासाठी जणू बनवलेलीच आहे. आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत ‘प’ आणि ‘ब’ यांची रेघ एकाच वळणाची असते, फरक जाडीचा. एक बारीक, एक ठळक. ‘ट’ आणि ‘ड’चंही तसंच. स्वर टिंबांनी आणि बारक्या रेघांनी दाखवतात, आणि वेगात लिहिताना ते बहुतेक गाळले जातात. उरतो तो व्यंजनांचा सांगाडा. नेमका शब्द कोणता, हे संदर्भावरून ठरवावं लागतं. म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःच्याच वहीतली एक खूण मुद्दाम वेगळी वाचली, तर त्या खोलीत त्याला धरणारं कुणी नाही. पुढे दीडशे पानांनी निरीक्षक तीच वही दुसऱ्या लघुलेखकाला दाखवते आणि तो त्या जागी दुसरा शब्द वाचतो. वाचकाने ती जागा पाहिलेली आहे. तो मागे जाऊन पान उघडेल. रहस्यकादंबरीच्या लेखकाला याहून मोठी पावती मला माहीत नाही.

खुनी बदलू नका म्हटलं ते यासाठी. खुनी बरोबर निवडला आहे. वीस वर्षं दुसऱ्याचे शब्द उतरवणारा माणूस, ही कल्पना भक्कम आहे. तिला जागा मिळालेली नाही, इतकंच.

इथे तुमच्या निनावी प्रकरणांबद्दल एक धोक्याची सूचना. खुन्याच्या तोंडची प्रकरणं घातली की प्रत्येक वाक्य दोनदा वाचलं जाणार असं धरूनच लिहायचं, एकदा अजाणतेपणी आणि एकदा उलगडा झाल्यावर. दुसऱ्या वाचनात एक जरी वाक्य खोटं निघालं तरी वाचक ते माफ करत नाही. अगाथा ख्रिस्ती यांची १९२६ ची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ आली तेव्हा ही वाचकाची फसवणूक आहे असा ओरडा झाला होता, तर रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स यांनी तिची बाजू घेतली होती. त्यातली युक्ती सांगून नव्या वाचकाचा आनंद हिरावून घेत नाही. पण ती कादंबरी पुन्हा उघडून पाहिली की लक्षात येतं, ख्रिस्तीबाईंनी बरंच काही गाळलं आहे आणि वाक्यं मात्र जपून खरी ठेवली आहेत. त्याच कादंबरीला २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेने मतदानाने आजवरची सर्वोत्तम गुन्हेगारी कादंबरी ठरवलं. गाळायला लेखकाला मुभा आहे, खोटं सांगायला नाही. पात्राच्या तोंडी खोटं घाला, तुमच्या निवेदनात नको. तुमच्या निनावी प्रकरणांपैकी एकात खुनी म्हणतो, ‘मी त्या घरात कधी पाऊल ठेवलं नव्हतं.’ लघुलेखक वीस वर्षं तिथे जात होता. हे वाक्य दुसऱ्या आवृत्तीत राहता कामा नये.

खुनी ओळखला गेला म्हणजे पुस्तक संपलं, असंही मानू नका. ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२ च्या ‘द सिंगिंग बोन’ या संग्रहात गुन्हा आधी डोळ्यांसमोर घडवला आणि मग तपास दाखवला, तरी वाचक खिळून राहिला. २०११ मध्ये लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी बारा लघुकथांवर प्रयोग केला, तेव्हा शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा उलट जास्त आवडल्या. २०१५ मध्ये जॉन्सन आणि रोझेनबॉम यांच्या प्रयोगात निष्कर्ष उलटा आला, शेवट कळल्याने गोडी कमी झाली. मला हा विरोध बुचकळ्यात टाकत नाही. कथेत खून कोणी केला याखेरीज काहीच नसेल, तर ते कळल्यावर हातात चिपाडं उरतात. दुसरं काही असेल तर वाचक शेवटपर्यंत टिकतो. ‘एका बैठकीत संपवली’ म्हणणाऱ्यांपैकी काहींनी खुनी नक्की ओळखला असणार. ते तरीही शेवटपर्यंत का टिकले, हे त्यांना विचाराच. मला वाटतं, निरीक्षकामुळे.

आणि म्हणूनच ‘निरीक्षकबाईंच्या घरचं एवढं कशाला’ या मताला हात लावू नका. कोडं सोडवायला आलेल्या वाचकाला घरचं नको असतं, माणसं भेटायला आलेल्याला तेच हवं असतं. दोघांनाही खूश करायला गेलात तर ते भाग अर्धेमुर्धे होतील आणि कुणाचेच राहणार नाहीत.

‘पहिली नव्वद पानं रटाळ’ हे मात्र गंभीरपणे घ्या. पण लगेच कात्री काढू नका. एका लेखकाने माझ्या सांगण्यावरून सुरुवातीची चाळीस पानं उडवली होती. सल्ला माझाच होता, आणि तो चुकीचा ठरला. नव्या वाचकांनीही संथच म्हटलं. पुन्हा बसलो तेव्हा उमगलं की अडचण लांबीची नव्हतीच, त्या पानांत वाचकाच्या मनात प्रश्नच उभा राहत नव्हता. मग आम्ही उडवलेल्यातली वीस पानं परत घातली आणि एकशे दहाव्या पानावरचं एक निनावी पत्र तिसऱ्या प्रकरणात आणलं. पानं वाढली आणि तक्रार थांबली. वेग घटनांच्या संख्येवर नसतो. वाचक मनात काय घेऊन पान उलटतो, त्यावर असतो.

हे तपासायची माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी समासात पेन्सिलीने एक वाक्य लिहायचं: आता वाचकाला काय जाणून घ्यायचं आहे? सलग तीन प्रकरणांत तोच प्रश्न आला तर तिथे कथा जागच्या जागी उभी आहे. प्रश्न सुचलाच नाही तर तिथे वाचकाने पुस्तक खाली ठेवलं आहे. तुमच्या गोषवाऱ्यावरून दिसतं ते असं: खून बाराव्या पानावर, आणि पुढची पंचाहत्तर पानं संशयितांची एकेक ओळख. मुलाचं प्रकरण, सुनेचं प्रकरण, शेजाऱ्याचं प्रकरण. प्रत्येक ओळख वाचकासमोर तोच प्रश्न ठेवते, ‘याने केला असेल का?’ सातदा तोच. मुलाच्या प्रकरणात असं काही येऊ द्या की ज्याचं उत्तर सुनेकडे आहे, आणि सुनेचं उत्तर शेजाऱ्याकडे. लघुलेखकाची वही या भागात, साठाव्या पानाच्या आत उघडली, तर हे काम अर्धं होईल.

आता शेवट. ‘शेवट पटला नाही’ म्हणणाऱ्याला मी नेहमी उलट विचारते: घडलं ते पटलं नाही, की ज्या रीतीने कळलं ते पटलं नाही? निम्म्याहून अधिक वेळा दुसरंच असतं. तुमच्या शेवटी लघुलेखक निरीक्षकावर पिस्तूल रोखून चौदा पानं कबुलीजबाब देतो. चौदा पानं! मी हे रागाने म्हणत नाही. अशी लांब कबुली बहुतेक पहिल्या कादंबऱ्यांत असते आणि तिच्यामागचं कारणही एकच असतं. जे धाग्यादोऱ्यांनी अडीचशे पानांत सांगायचं होतं ते सांगितलं गेलं नाही, म्हणून शेवटी खुन्याला सगळं बोलावं लागतं. आणि पिस्तूल हातात असलेला माणूस एवढा वेळ का बोलत बसला, हा प्रश्न वाचकाच्या मनातून जात नाही. वहीचा धागा आधी आला की कबुलीतली सात-आठ पानं आपोआप गळतील, कारण ‘कसं’ हे निरीक्षकाने स्वतः शोधलेलं असेल. उरेल फक्त ‘का’. ते त्याच्या तोंडून दोन-तीन पानांत येऊ द्या, आणि अर्धवट येऊ द्या.

तो शेवटी जिन्यावरून पडून मरतो, याबद्दलही वाचक कुरकुरले असतील. मीही कुरकुरले. तीनशे पानं निरीक्षकाच्या मागोमाग चाललेल्या वाचकाला तिचा निर्णय पाहायचा असतो. अपघाताने तो तिच्या हातून काढून घेतला. त्याला शिक्षा व्हायलाच हवी असं माझं म्हणणं नाही. तो सुटला तरी चालेल, पण सुटला तर तिच्या एखाद्या कृतीमुळे किंवा चुकीमुळे सुटू दे.

दुसऱ्या आवृत्तीत एवढे बदल करायला प्रकाशक तयार होईल का, ही शंका तुम्हाला येईल. मी सुचवते ते मोजून पाहा. वहीचे दोन नवे प्रसंग, म्हणजे बारा-चौदा पानं. सुरुवातीच्या तीन प्रकरणांच्या शेवटच्या परिच्छेदांत बदल. निनावी प्रकरणातलं एक खोटं वाक्य बाहेर. कबुलीजबाब निम्म्यावर. शेवटचे दोन प्रसंग नव्याने. पानसंख्या जवळपास तीच राहते. आणि ही सुधारलेली आवृत्ती आहे हे पुस्तकात स्पष्ट छापा. पहिली आवृत्ती विकत घेतलेल्या वाचकाला ते कळायला हवं.

हे झालं की कादंबरी न वाचलेले सहा जण शोधा. त्यांत दोघे असे घ्या की जे एरवी रहस्यकथा वाचत नाहीत. शंभराव्या पानावर थांबवा आणि कागदावर दोन गोष्टी लिहून घ्या: संशय कुणाकुणावर आहे, आणि आत्तापर्यंत भेटलेली कोणती माणसं आठवतात. लघुलेखकाचं नाव दुसऱ्या उत्तरात सहाच्या सहा जणांकडे असेल आणि पहिल्या उत्तरात एखाद-दुसऱ्याकडेच, तर छपाईला पाठवा.